बॅगहाऊस नंबर तीन

मीटर दोनशे चाळीसवर.
एकशे वीसच्या पुढं काटा गेला की
पंख्याचा आवाज चढावावरच्या सायकलवाल्यासारखा होतो,
आत ओढायची ती धूळ
पॅकिंगच्या शेडमधून माघारी फिरते
आणि कुंपणापलीकडच्या तुरीवर जाऊन बसते.
पिपरबोडीत म्हणतात,
कंपनी आज लय खोकलून रायली बाप्पा.

पोळा होऊन दोन रात्री झालेल्या.
छतावर आम्ही चौघं. एक हॅलोजन, त्यावर किडे.
झाकणाचे बोल्ट काढले तर खाली
दोनशे अठ्ठ्याऐंशी तोंडं, गोल, काळी.
बारा-बाराच्या चोवीस रांगा,
पण कुलमेथे काका रांग म्हणत नाहीत.
"चाला, पयली पंगत उठवा."

पिंजरा ओढायचा. तीन मीटर तार
करकरत वर येते, मागून पिशवी.
कोरी असते तेव्हा खांद्यावर दुपट्ट्यासारखी पडते.
ही दोघांना उचलेना.
रूपेश तिला बडवतो, रेलिंगवर आपटतो,
धूळ उडत नाही.

काकांनी नखानं खरडून पाहिलं.
खपली निघाली. उजेडात धरली,
जिभेला लावली, थुंकले.
"हे धूळ नोहे. हे पिलास्टर होय."

दर दहा सेकंदांनी टक्, फस्स,
हवेचा झटका बसतो, पिशवी अंग झाडते,
धूळ खाली हॉपरात. एवढंच तिचं जगणं.
झटक्यात पाणी आलं तर
सिमेंट काय करणार? सिमेंटच करतं.

रूपेशला हुरूप आलेला. अर्धी शाबूत होती ती पिशवी
तारेच्या ब्रशनं घासायला बसला.
काका म्हणाले, "तितकी नको घासू रे.
कोऱ्या कपड्यातून सारं निंघून जाते.
थोडी बसू दे. मंग धूळच धुळीले अडवते."

आठ पंगती उठल्यावर ते शिडी उतरले.
मी मागं गेलो. कोणी बोलावलं नव्हतं.
कॉम्प्रेसरच्या टाकीखाली वाकून त्यांनी कॉक फिरवला.
पाणी आलं.
आधी तांबूस, तेलाचं, मग नुसतं पाणी,
एक गुंड भरेल इतकं, मग दुसरा,
आम्ही दोघं उभे,
ते येतच राहिलं,
माझ्या बुटांखालून नालीकडं गेलं,
आणि मी नालीकडं बघत राहिलो.

भिंतीवर खिळ्याला रजिस्टर.
ड्रेन केला का: होय. होय. होय.
तीन रात्री, तीन सह्या,
तिन्हींत माझ्या आडनावाचा तोच लांब शेपटाचा ढ.
त्या रात्री मी घरी नंदीला शिंगं चिकटवत होतो,
झूल शिवत होतो, आणि एक रात्र तर
काहीच करत नव्हतो, पोरगं निजलं होतं, मी पाहत होतो.

काकांनी पान वाचलं. चष्मा नव्हता,
तरी पुष्कळ वेळ वाचलं.
मग उलटलं,
आणि कोऱ्या पानावर तारीख टाकली.

पहाटे पाचला झाकणं बसली.
पंखा सुरू. काटा नव्वदवर.
नव्या पिशव्या, अजून काही अडवत नव्हत्या;
चिमणीतून पांढरं पांढरं जात होतं,
दुपारपर्यंत जाणारच होतं.
सुपरवायझर गुळाचे खडे वाटून गेला.
आम्ही पायऱ्यांवर बसलो, हात चुन्यानं फुटलेले,
काका जवसाचं तेल चोळत होते,
बोटांच्या बेचक्यांत, सावकाश.

"तान्ह्या पोळ्यात पोट्ट्याचा नंदी लागला का नंबरात?"

गूळ तोंडातच राहिला.
नाही म्हटलं. मारोतीच्या पारापाशी
चाक अडकलं. ओढत ओढत नेला.
बोजारा मिळाला, दहा दहाच्या चार नोटा.

त्यांनी बाटली माझ्या मांडीवर ठेवली.
तळाशी दोन बोटं तेल होतं.
"चाकाले दे," म्हणाले,
आणि हाजिरी लावायला उठले.